पेटीतलं पाप

आमच्या बाई अन्न शिजवत नसत, निजवत असत. "डाळ झाली का?" असं कुणी विचारलं, की त्या ओठांवर बोट ठेवून म्हणायच्या, "निजली हाये. उठवू नका." पाहुण्याला वाटायचं, बाई चेष्टा करतात. चेष्टा त्या करायच्याच, पण डाळ खरोखर निजलेली असायची. कोपऱ्यातल्या लाकडी पेटीत, कापसाच्या गादीवर, अंगावर गोणपाट घेऊन. खाली विस्तव नाही की वर धूर नाही. दुपारी झाकण काढलं की गंजीला, म्हणजे डाळीच्या पातेल्याला, हात लावला तर चटका बसायचा आणि डाळ बोटानं दाबली तर लोण्यासारखी दबायची.

बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. उंचीनं माझ्या खांद्याला लागत, पण आवाज गावाच्या वेशीपर्यंत जाई. इंद्रवेल्लीहून नार्नूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या थोडं आत आमचं गाव. तिथं सगळे त्यांना 'पेटीवाली' म्हणत. आधी हिणवून, मग सवयीनं आणि शेवटी शेवटी तर आदरानं. त्यांना तिन्ही सारखंच. "नाव ठेवलं म्हंजे त्याइले मानूस दिसलं," असं म्हणून त्या पुढच्या कामाला लागत.

ही पेटी घरात आली तेव्हा मी त्या घरात नवी होते. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात राज्य सासऱ्यांचं, त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. तरुणपणी निजामाच्या अमदानीत ते पटवाऱ्याच्या हाताखाली राबले होते. निजाम गेला, पुढे पटवारीही गेले, पण मामाजींच्या तोंडातली कचेरी गेली नाही. भाजीला मीठ कमी पडलं तरी ते आधी 'दरख्वास्त' ऐकून घेत आणि मग 'फैसला' देत. विहिरीजवळच्या वाडीतली वांगी, भेंड्या, अंबाडी इंद्रवेल्लीच्या बाजारात नेऊन विकायचं काम त्यांचं. तिथं चिंचेखालची एक जागा त्यांच्या नावानं ओळखली जायची. पुढे त्यांचे गुडघे गेले. दोघं भाऊ कापसात गुंतलेले, म्हणून भाजी दलालाच्या गाडीत जायला लागली आणि तो देईल तो भाव गोड मानून घ्यायची पाळी आली. चिंचेखाली दुसऱ्याच कुणाची तरी टोपली दिसली, अशी एक दिवस बातमी आली. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. संध्याकाळी मामाजींपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "मामाजी, जागेवर मी बसीन."

आमच्याकडच्या बाईनं शेतात पुरुषाच्या बरोबरीनं मरेस्तोवर राबलेलं चालायचं. पण बाजारात मांडी घालून बसायचं, भाव सांगायचा, परक्याशी हुज्जत घालायची, हे चालायचं नाही. त्यात इंद्रवेल्लीत पोलिसांनी गोंडांवर केलेल्या गोळीबाराला फार वर्षं झाली नव्हती, लोकांच्या मनातली धास्ती ताजी होती. मामाजींनी सरळ नाही म्हटलं नाही. कचेरीत राबलेला माणूस, त्यांनी शर्त घातली. "बाजारच्या दिवशीबी दुपारी माह्या ताटात गरम डाळ पाह्यजे. ज्या दिवशी थंडी पडली, त्या दिवसापासून तुहा बाजार बंद. फैसला." बाई सकाळच्या बसनं जाणार आणि संध्याकाळी येणार, तर दुपारी गरम डाळ कुठून येणार? हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गावालाही होतं.

मी शहाणपणा करून म्हटलं, "बाई, तुमी जा बाजारात. मी थांबीन चुलीपाशी." मला वाटलं, बाई खूश होतील. त्या माझ्यावरच उखडल्या. "अन् मंग? मी सुटली अन् तू अडकली. हे सुटनं झालं का वं? हे तर माह्या गळ्यातलं दावं तुह्या गळ्यात घातलं. सुटाचं त दोघीनं." असं मला माझ्या माहेरीही कुणी म्हटलं नव्हतं. त्या क्षणापासून मी त्यांची झाले, ती आजतागायत.

युक्ती त्यांच्या माहेरची. तलमडुगूकडे त्यांच्या आईच्या घरी बाळंतिणीसाठी तापवलेलं पाणी कापसाच्या ढिगात पुरून ठेवत, म्हणजे ते बराच वेळ गरम राही. पाणी राहतं तर डाळ का नाही, एवढाच बाईंचा हिशेब. किराणा दुकानातून चहाचं रिकामं खोकं आणलं. त्यात कवडी कापूस ठासून भरला. अळीनं खाल्लेला, पिवळा पडलेला हा कापूस व्यापारी घेत नाही आणि घरात तो उशीत जातो. मध्ये गंजी बसेल एवढा खळगा केला आणि वर झाकायला कापसाचीच एक उशी शिवली. रात्री डाळ भिजत घालायची. सकाळी भाकरी झाल्या की त्याच चुलीवर हळद घालून डाळीला चांगली रटरट उकळी आणायची. गंजी गच्च झाकून, गोणपाटात गुंडाळून खळग्यात बसवायची, वरून उशी, वरून झाकण. झालं. तुरीची डाळ आणि अंबाडी, चवळी, मुगाची खिचडी, जवारीच्या कण्या, सगळं त्यात निजायचं. सरपणाची मोळी दुप्पट पुरायला लागली, आणि जंगलात जाऊन गार्डाची बोलणी खायची पाळी कमी झाली. बाईंच्या दोन गंज्या होत्या. एक मोठी, एक लहानी. पोरींची नावं घ्यावीत तशी त्या त्यांची नावं घ्यायच्या.

पहिला अडसर आत्याबाईंचा. आत्याबाई म्हणजे मामाजींची बहीण, समोरच राहायच्या. नवऱ्यामागं त्या भावाच्या आसऱ्याला आलेल्या, आणि धर्म सांभाळायची जबाबदारी देवानं आपल्यावरच टाकली आहे अशी त्यांची समजूत. पेटी बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "कापूस मेल्याच्या नाकात घालतेत. त्या कापसात अन्न? अन् विस्तवावाचून शिजलेलं? पाप हाये हे, पाप." बाई कापूस दाबत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "कापसाची वातबी होते, आत्याबाई. देवापुढं तेच जळते." आत्याबाई 'पाप, पाप' म्हणत निघून गेल्या. मात्र दुपारी मामाजींना वाढायला त्याच यायच्या, कारण सासऱ्यानं हातानं वाढून घ्यायचं म्हणजे आणखी मोठं पाप. ताट मांडलं की त्या डाळीत बोट बुडवून बघायच्या. थंड निघाली की बाजार बंद, म्हणून हे रोजचं बोट. आणि रोज चटका बसला की रोज नाराज व्हायच्या.

खरी पंचाईत मामाजींची. पेटीची एकच अट होती, ती मधे उघडायची नाही. एकदा ऊब गेली की डाळ कच्चीच राहते. आणि मामाजी पेटीशेजारी खाटेवर पडून असायचे. बघतो जरा, बघतो जरा, करत ते झाकण उचलायचे. एकदा डाळ कोमट निघता निघता राहिली. मला वाटलं, आता बाई कडाकडा भांडणार. त्यांनी उलटंच केलं. दुसऱ्या बाजारच्या सकाळी मामाजींच्या हातात काठी दिली आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मामाजी, घरात कोनाचा भरोसा नाई. कोनीबी झाकन उघडते. तुमी पाहारा द्या. तुमच्याशिवाय कोनाचा धाक नाई." चोराच्या हाती किल्ल्या दिल्या. पण म्हातारा त्या दिवसापासून जो बदलला! मांजर पेटीजवळून गेलं तरी काठी आपटायचा. मी एकदा सहज हात टेकला तर मला म्हणाले, "हुकूम नाई."

बाजारात बाईंना बघायला हवं होतं. गोंडी, तेलुगू, हिंदी, मराठी, चारही भाषा त्या सारख्याच वाईट बोलत, पण भाव चारही भाषांत चोख सांगत. पहिल्याच दिवशी चिंचेखाली बसलेल्या माणसाची टोपली त्यांनी स्वतः उचलून दोन हात पलीकडे ठेवली आणि आपली मांडली. तो तणतणला, "ए बाई, उठ इथून." बाईंनी पदर खोचला आणि शांतपणे म्हणाल्या, "निजलेली उठते भाऊ, बसलेली उठत नाई." पुढे आमच्या बाजारात ही म्हणच होऊन बसली. जागेवरून कुणी हटकलं की गोंड बायकासुद्धा हसत हसत हेच ऐकवायच्या.

हळूहळू गावात पेट्या वाढल्या. कुणी खोक्यात कापूस भरला, कुणी कडब्याचा भुसा, कुणी जुनी गोधडी. मग बायका एकमेकींना बस थांब्यावर विचारायला लागल्या, "आज कोनाले निजवलं?" आणि या बोलण्यानंच एक दिवस आकांत केला.

तो बाजारचा दिवस होता. माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, म्हणून मी घरीच होते. दवाखान्यात नव्या नर्सम्मा आल्या होत्या, पार गोदावरीकडच्या. मराठी त्यांच्या कानावर पडायची, पण अर्थ सगळा पोचायचा नाही. पोरांना टोचायला म्हणून त्या आमच्या गावात आल्या होत्या आणि थांब्यावर उभ्या होत्या. शेजारणीनं बाईंना विचारलं, "आज कोनाले निजवलं?" बाई म्हणाल्या, "लहानीले. पेटीत दाबून बसवलं, तोंडावर उशी टाकली, झाकन लावलं. आता दुपारपर्यंत पाह्यनं नाई." तेवढ्यात, उन्हं पार चढल्यावर, सकाळची बस आली. बाई टोपल्या घेऊन चढल्या आणि निघून गेल्या. नर्सम्मांना कळलं ते एवढंच: लहान मुलगी, पेटी, तोंडावर उशी.

त्या धावत आमच्या घरी आल्या तेव्हा मागं निम्मं गाव होतं. छातीवर हात ठेवून त्या ओरडल्या, "पेट्टेलो पाप उंदी! पाप!" आता आमच्या बाजारातल्या तेलुगूत लेकराला 'बिड्डा' म्हणतात. गोदावरीकडे लहान मुलीला लाडानं 'पाप' म्हणतात, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक? मामाजींनी ऐकलं ते एवढंच, की पेटीत पाप आहे. जे त्यांची बहीण इतके दिवस घरात बोलत होती, तेच आता सरकारी बाई चारचौघांसमोर बोलत होती. म्हातारा गेलेल्या गुडघ्यांवर उठला आणि दोन्ही हात पसरून पेटीपुढे उभा राहिला.

"पाप? माह्या घरात? अन्न हाये या पेटीत, अन्न. माह्या सुनंनं हातानं निजवलेलं."

'निजवलेलं' हा एवढा एक शब्द नर्सम्मांना कळला आणि उरलीसुरली शंका फिटली. त्यांनी मामाजींना बाजूला सारलं, झाकण फेकलं, उशी फेकली. कापूस घरभर उडाला. गोणपाट सोडून गंजीवरचं झाकण काढलं, तर आत अंबाडीची डाळ. अर्धी फुगलेली, अर्धी टणक. नर्सम्मा हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "पाप कादु," त्या म्हणत होत्या, "पप्पु... पप्पु." कादु म्हणजे नव्हे आणि पप्पु म्हणजे डाळ, हे मात्र सगळ्या गावाला ठाऊक होतं. लोक पोट धरून हसले. मामाजी हसले नाहीत. ते गंजीकडे बघत होते.

कारण दुपार होत आली होती आणि समोरून आत्याबाई येत होत्या. त्यांनी ताट मांडलं, डाळ वाढली, बोट बुडवलं. या वेळी चटका बसला नाही. त्यांनी वळून दारातल्या गर्दीकडे पाहिलं. मी लंगडत चुलीपाशी गेले, काडीपेटी हातात घेतली. "पेटव, पेटव," आत्याबाई म्हणाल्या. "चूल पेटली म्हंजे पेटी हरली. दादाची शर्त साऱ्या गावानं आयकली हाये." काडी माझ्या हातात तशीच राहिली. पेटवली तर बाईंची जागा जाणार. नाही पेटवली तरी जाणार. मला रडू यायला लागलं, आणि रडण्यापेक्षा जास्त संताप आला.

"काडीपेटी ठेव, धाकटे," मामाजी म्हणाले आणि ताटावर बसले. त्यांच्या तोंडात मोजके दात उरले होते. कोमट, कच्ची डाळ ते भाकरीशी चावत राहिले. दारातल्या लोकांना डाळीचा कडकड आवाज ऐकू येत होता. ताट पूर्ण संपेपर्यंत ते उठले नाहीत.

"दादा, थंडी हाये नं?" आत्याबाईंनी विचारलं.

मामाजींनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "गरम हाये," ते म्हणाले. "मुकदमा खारीज."

संध्याकाळी बाई आल्या. गावाच्या वेशीतच त्यांना सगळं कळलं होतं. त्या मामाजींच्या खाटेपाशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मामाजी, पोट दुखून राह्यलं का?" मामाजी म्हणाले, "दुखून राह्यलं. पन फैसला फिरत नसते." बाईंनी चूल पेटवली आणि ओव्याचं पाणी उकळायला ठेवलं. धुरानं डोळे चुरचुरतात असं म्हणत त्या बराच वेळ पदरानं डोळे पुसत होत्या. चुलीला त्या दिवशी काही फार धूर नव्हता.

त्यानंतर कित्येक वर्षं बाई चिंचेखाली बसल्या. गॅस आला, कुकर आला, कुकरच्या शिट्ट्या ऐकून बाई म्हणायच्या, "हे त झोपीत ओरडते." त्यांनी पेटी सोडली नाही. बाई गेल्या त्यालाही आता काळ लोटला. परवा त्यांच्या मुलीनं हैदराबादहून माझ्यासाठी विजेचं एक भांडं आणलं. मंद आचेवर तासन्‌तास शिजतं म्हणे, सोबत पाककृतींचं पुस्तक. पोरगी मला समजावून सांगत होती, की काकू, सकाळी घालून ठेवायचं आणि बाहेर पडायचं. मी ऐकून घेतलं. बाई असत्या तर एवढंच विचारलं असतं, "अन् करंट गेला त?"

पण मला बाई आठवतात त्या मामाजी गेले त्या दिवसाच्या. भादव्याचे दिवस, पुन्हा बाजारचाच दिवस. बाईंनी लहानीला निजवलं होतं, टोपल्या भरून दारात ठेवल्या होत्या. मामाजी खाटेवर काठी घेऊन पडले होते. बाई निघताना "मामाजी, जातो" म्हणाल्या, तेव्हा नेहमीसारखा काठीचा आवाज आला नाही. बाई तशाच परत फिरल्या.

गाव जमलं. दोघं भाऊ शेतातून आले. जवळच्या गावांतल्या सोयऱ्यांकडे माणसं गेली, त्यांची वाट बघत दुपार व्हायला आली. म्हाताऱ्या माणसांनी तयारी सांगितली, आणि नाकात घालायला कापूस मागितला. कापसाच्या गावात भादव्यात कापूस नसतो. होळीपर्यंत सगळा विकलेला असतो आणि नवी बोंडं अजून फुटायची असतात. घरात वळलेल्या वातीसुद्धा संपलेल्या. बाई उठल्या आणि पेटीपाशी गेल्या.

झाकण काढलं, उशी काढली, आणि आधी गंजी बाहेर काढून ठेवली. मग खळग्याच्या तळातून, जिथला कापूस जरा पांढरा होता, तिथून मूठभर घेतला. अर्धा दिला. उरलेल्याची वात वळली, तेलात भिजवली आणि मामाजींच्या उशाशी दिवा लावला. आत्याबाई खाटेच्या पायाशी बसल्या होत्या. एवढ्या रडण्यातही त्यांचं लक्ष गंजीकडे गेलं. "ते अन्न गाईले टाका," त्या म्हणाल्या. "मेल्याच्या घरचं हाये. पाप लागते."

बाई म्हणाल्या, "मामाजीनं ठरवलं होतं, पेटीत पाप नाई."

त्यांनी मामाजींचं रोजचं ताट काढलं. गंजीवरचं झाकण उघडलं. वाफ वर आली, अंबाडीचा वास त्या सगळ्या गर्दीत पसरला. बाईंनी डाळ वाढली आणि ताट नेऊन मामाजींच्या उजव्या हाताशी ठेवलं. कुणीतरी मागून "अवं, हे काय करून राह्यली?" म्हटलं. बाईंनी नुसतं वळून पाहिलं. बाई खाली बसल्या, पण आत्याबाईंकडे बघत राहिल्या.

आत्याबाईंचा हात सवयीनं पुढे गेला. त्यांनी बोट बुडवलं आणि पटकन मागं घेतलं. ते भाजलेलं बोट पदरात धरून त्या भावाच्या तोंडाजवळ वाकल्या.

"गरम हाये, दादा," त्या म्हणाल्या.